ज्याच्या घरी पहार

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्याच रविवारी तिथे ड्रोन उडेल. निफाडच्या पुढे गोदावरीच्या पात्रात एक बेट आहे आणि बेटावर एका गढीचा शेवटचा बुरूज उभा आहे, एवढं वाचकाला पुरे. आम्ही नाशिककर रामकुंडावर नदी बघतो, पूर आला की पुलावरून बघतो. पुढे ती कुठे जाते, कुणाच्या शेतात शिरते, याची चौकशी करत नाही. मीही कधी केली नव्हती.

एप्रिलमध्ये मामीचा फोन आला. भास्करमामा माझ्या आईचे चुलतभाऊ. माळ्याचं घर, झेंडू आणि भाजीपाला. मामी म्हणाली, "वर्षे, गढी बघायची म्हणत होतीस ना? यंदाच ये. पुढच्या साली असंल का नाय, सांगता येत नाय. यंदा आपली बारी हाय."

बारी म्हणजे पाळी, नंबर. कसला नंबर ते मामीने फोनवर सांगितलं नाही, आणि मीही नीट विचारलं नाही. माझ्या डोक्यात 'पुढच्या साली असंल का नाय' एवढंच राहिलं. माझे वडील ओझरच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं आमच्याच घरी येत. इंदिरानगरच्या दोन खोल्यांत कॉटखाली गठ्ठे रचलेले असायचे. मी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. काही नाहीसं होणार म्हटलं की मला गप्प बसता येत नाही.

लासलगावहून नदीकडे

मामांचा मुलगा दत्तू कांदा घेऊन लासलगावला आला होता. लिलाव आटोपला आणि परतीच्या रिकाम्या ट्रॉलीत गोणपाट अंथरून मी बसले. ट्रॉली रिकामी, पण कांद्याची टरफलं भरपूर. ट्रॅक्टरने वेग घेतला तशी ती सगळी उठली आणि डोळ्यांत, केसांत, कॉलरमध्ये जाऊन बसली. मध्ये थांबून दत्तूने मागे पाहिलं.

"ताई, तुला लिलावात लावली तर गोल्टीत जाशील."

गोल्टी म्हणजे अगदी बारका कांदा. माझ्या उंचीवर घरात असे विनोद पूर्वीपासून चालतात. मी त्याला टरफलांची मूठ फेकून मारली.

वाटेत द्राक्षांच्या बागा खरड छाटून उघड्या पडलेल्या, उसाचे पट्टे, मग अचानक काळी जमीन संपून वाळू, बाभळी आणि पाण्याचा वास. नदी दिसायच्या आधी गाव लागलं.

मामांच्या दारात पाय टाकताना मी थबकले. उंबरा दगडाचा होता आणि त्याच्यावर अर्धं कमळ कोरलेलं होतं. उरलेलं अर्धं भिंतीत गेलं होतं.

"गढीचा," मामी म्हणाली. "सगळ्या गावाचे उंबरे गढीचेच हायेत. त्याच्यात काय बघायचं? आत ये, शेंगोळे निवतील."

हुलग्याच्या पिठाचे वळे, लसणाचा झणझणीत रस्सा, वर कच्चं तेल. आमच्याकडे आई शेंगोळे कुकरला लावते आणि ते शिट्टीबरोबर शरण येतात. मामीचे चुलीवर शिजलेले, आतून घट्ट, चावायला लावणारे. जेवता जेवता मी बारीचं विचारलं, तेव्हा मामांनी सगळं सांगितलं.

हे गाव पूर्वी बेटावर होतं. इंग्रजांच्या काळात खालच्या अंगाला बंधारा झाला, पाणी फुगलं, आणि गाव काठावर आलं. मागे राहिली गढी आणि गावाची पांढरी. शेतीची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी, हे आपल्याकडे सगळे जाणतात. शेकडो वर्षांची राख, शेण, हाडं, पडलेल्या भिंती मुरून पांढरी तयार होते. ती शेतात पसरली की पीक जोर धरतं. म्हणून ज्या गावात गढी, त्या गावात गढी पोखरलेली असते. इथे मात्र पोखरण्यालाही शिस्त होती. घरागणिक बारी. गावाची एक सामाईक पहार आहे. गढीच्या दरवाजाचा लोखंडी अडसर वितळवून ती केली, असं म्हणतात. ज्याच्या घरी पहार, त्याची बारी. पहिला घाव त्याच पहारीने पडायचा. घरधन्याने मारुतीच्या पारावर येऊन 'भरलं' म्हटलं, की पहार पुढच्या घरी जाते. 'भरलं' म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणी तिथे फावडं लावायचं नाही.

आमच्या सोसायटीत गच्चीच्या किल्लीवरून दोन बिऱ्हाडं बोलेनाशी झाली आहेत. इथे एक पहार पिढ्यान् पिढ्या दारोदार फिरते, ना कुलूप ना सही.

"माझ्या बापाची बारी आली त्या साली नदी उतरलीच नाय," मामा म्हणाले. "वरून पाणी सोडत राहिले. लोक म्हणाले, सोड आता, पुढच्याची खोटी होते. बाप भरलं म्हणून मोकळा झाला. एक पाटी नाय आणली घरी. पुन्हा बारी यायला माझी दाढी पिकली."

बेटावर

सकाळी उतारातून पायी पलीकडे गेलो. पाणी पोटरीएवढंच होतं, पण गाळ त्याहून जास्त. माझी उजवी चप्पल मधोमध रुतली आणि तिथेच राहिली. मामा म्हणाले, "राहू दे. पांढरीत जमा झाली." पुढचा सगळा दिवस मी एका चपलेनिशी, आणि ऊन चढल्यावर मामीचं फडकं दुसऱ्या पायाला बांधून काढला.

बेट लांबट आहे, होडीसारखं. काठाकाठाने गाळाची मळई, तिच्यात टरबुजाचे वेल. थोडं वर मामांचा झेंडूचा तुकडा, आता मोकळा, वखरून ठेवलेला. ढेकळांत खापऱ्या इतक्या, की पाऊल कुठे टाकावं कळेना. लाल, काळ्या, एकीवर बोटाने ओढलेली नागमोडी रेघ. एक काचेचा मणी मामीने उचलून मला दिला. "दर नांगरटीला निघतात. पोरी लहान होत्या तेव्हा माळा करायच्या."

आणि वर गढी. चार बुरुजांपैकी तीन गेलेले. तिथे खड्डे, खड्ड्यांत घाणेरी आणि रुई. चौथा उभा होता, खाली दगड, वर पांढऱ्या मातीचा. नदीकडच्या बाजूने त्याच्या पायथ्याशी इतकं खणलेलं होतं, की अर्धा बुरूज हवेतच होता. त्याच्याखाली उभं राहून मी वर पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले.

पण त्या खणलेल्या कडेवर जे दिसलं ते मी कुठल्या संग्रहालयात पाहिलं नव्हतं. तळाशी पिवळा गाळ, त्यात काही नाही, नुसती नदी. त्यावर राखेचा काळा पट्टा. मग रुंद, चपट्या लाल विटा, आणि विटांच्या मध्ये चुलीची जागा, भाजून लाल झालेली. माझी एक मैत्रीण पुण्यात पुरातत्त्व शिकते. तिला फोटो पाठवला. तिने कळवलं, "विटा फार जुन्या दिसतात, सातवाहन काळातल्याही असतील. फोटोवरून शपथ घेणार नाही. तू हात लावू नकोस." त्याच्या वर गढी. गढीच्या भिंतीत भरलेल्या मातीत पुन्हा त्याच लाल विटांचे तुकडे, त्याच खापऱ्या. म्हणजे ज्या सरदाराने गढी बांधली, त्याने खालचं गाव उकरून बुरुजांत भरलं होतं. सरदार कोण? मामा म्हणतात पेशवाईतला, दत्तू म्हणतो निजामाचा, मामी म्हणते, "कुणी का असंना, वेठीला आपलेच लोक असतील." गढीच्या वर चिनी मातीच्या कपाचे आणि हिरव्या बाटलीचे तुकडे, बंधाऱ्याच्या साहेबाच्या तंबूचे म्हणे. सगळ्यात वर गुटख्याची पुडी आणि कुणीतरी वाढवलेला नारळ.

पायथ्याच्या शाबूत बाजूला हातभर कोनाडा होता. आत कुंकू, काजळी. अक्षय्यतृतीयेला गावातल्या बायका तिथे पितरांची घागर ठेवतात. घरं इकडे आली, पितर तिकडेच राहिले.

आता उरली होती ती या बुरुजाच्या पोटातली आणि पायाखालची पांढरी. मामांची बारी म्हणजे ती.

रात्री जेवताना मी भांडले. म्हटलं, मामा, हे एकदा गेलं की परत नाही. तुम्ही झेंडूसाठी दोन हजार वर्षं विस्कटणार? मामा शांतपणे भाकरी मोडत होते.

"तीन बुरूज गेले तेव्हा कुठं होतीस?"

"मला माहीत नव्हतं."

"मग माझ्याच बारीला बरं कळलं."

दत्तू म्हणाला, "ताई, पत्रक काढ. मी वाटतो." मामीने त्याला डोळ्यांनी दटावलं. मग ताटं उचलता उचलता ती मामांना म्हणाली, "बारी घ्या, नाय कोण म्हणतं? पण आखाजीला घागर कुठं ठेवायची, ते आधी सांगा." मामा हात धुवायला उठून गेले.

सोपानतात्यांचा ओटा

दुसऱ्या दिवशी मला कळलं की पहार अजून मामांच्या घरी आलीच नव्हती. मागची बारी सोपानतात्यांची. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी पारावर 'भरलं' म्हटलं, पण पहार दिली नाही. आज देतो, उद्या देतो. सकाळी त्यांचंच बोलावणं आलं. "नाशिकच्या लेखिका आल्यात असं कळलं. चहाला या."

तात्या भला माणूस दिसला. पांढरा सदरा, मोजकं बोलणं. म्हणाले, "मॅडम, गढी वाचली पाहिजे. थंडीत इथं पक्षी बघायला किती लोक येतात. त्यांना दाखवायला गावाजवळ दुसरं काय हाय? भास्कर ऐकत नाय. तुम्ही एक छानसं पत्रक लिहा, गावाच्या सह्या घेऊ."

मला याहून काय हवं होतं? तिथेच ओट्यावर बसून मी लिहिलं. 'बंधू-भगिनींनो, ही माती नुसती माती नाही' अशी सुरुवात होती. बऱ्यापैकी जमलं होतं. तात्यांनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, "चला, आमचं काम दाखवतो."

मागे नदीच्या तोंडावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधलेल्या होत्या. ताजा रंग, दारांवर बगळ्यांची चित्रं. पायऱ्या घडीव दगडाच्या. मधल्या पायरीवर अर्धं कमळ होतं. पुढे हिरवळ लावली होती आणि हिरवळीच्या कडेने गुलाब. वाफ्यातली माती पांढरी. मी खाली बसले, बोटाने उकरलं. लाल विटेचा तुकडा निघाला, मग नागमोडी रेघेची खापरी.

"तात्या, ही माती कुठली?"

"पांढरीच. लय चांगली लागली. गुलाब बघा ना!"

त्यांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. बुरुजाला अधांतरी ठेवणाऱ्या खड्ड्यातली माती ती हीच होती. शेतातही नाही, हिरवळीत. मी पत्रकाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि चहा अर्धा टाकून उठले. राग मला चटकन येतो. त्या सकाळी तो उशिरा आला, त्याचाच जास्त राग आला.

पारावर

संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. मामांनीच निरोप फिरवला होता: पहारीचं काय ते आज होऊ दे. बायका देवळाच्या भिंतीला टेकून बसल्या. मामांच्या नंतर ज्याची बारी, तो शिवाजी नावाचा तरणा शेतकरी मोटारसायकलवर बसूनच ऐकत होता.

तात्या उभे राहिले. "गढी म्हंजे गावाचा इतिहास. इतिहासावर पहार घालायची का, एवढाच सवाल हाय."

"तात्या, मागच्या साली काय भूगोल होता का?" मागून कुणीतरी म्हणालं. पार हसला.

"हसण्यावारी नेऊ नका. चुका होतात माणसाकडून. पण आता जे उरलंय ते तरी—"

"तुमचं जेवण झालं, आता आम्हाला उपास सांगता!" मामांचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "माझ्या बापाला गावानं उठवलं भरल्या ताटावरून. आज माझा नंबर लागला, तर पहार तुमच्या दाराआड?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम शिकलेल्या हायेत, तुमच्याच भाची हायेत. त्यांनी स्वतःच्या हातानं पत्रक लिहिलंय. वाचा, मॅडम."

मी उठले. कागद हातात होता. म्हटलं, "पत्रक मी लिहिलंय आणि त्यातला शब्दही मागे घेत नाही. बुरूज राहिला पाहिजे. पण ज्याच्या पायरीला गढी आहे आणि गुलाबालाही गढी आहे, त्याने ती वाचवायला निघायचं, आणि ज्याला एक पाटी मिळाली नाही, त्याच्याकडून वाचवायची, हे मला पटत नाही. तीन बुरूज उचलले तेव्हा कुणाला इतिहास आठवला नाही. आधी पहार द्या. मग काय वाचवायचं ते भास्करमामा ठरवतील. हक्क त्यांचा आहे."

"सकाळी तुम्ही येगळं बोलत होता."

"सकाळी तुमचं अंगण बघितलं नव्हतं."

मग भिंतीकडून एका बाईचा आवाज आला, "पहार आणा की!" दुसरी म्हणाली, "तात्या, देवापुढं भरलं म्हणालात ना?" तात्या घरी गेले आणि पहार घेऊन आले. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

बुरूज वाचवायला आलेली मी, त्याच्या मुळावर उठणारी पहार मिळवून देऊन घरी चालले होते. हक्काच्या बाजूने बोलले याचा पश्चात्ताप नव्हता. पण झोप आली नाही.

पुन्हा बेटावर

सकाळी दत्तूने ट्रॅक्टर उतारातून पलीकडे घातला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत फावडी, घमेली. मामी डोक्यावर एक पाटी घेऊन आमच्याबरोबर चालत होती. शिवाजी आधीच येऊन कोनाड्याजवळ उभा होता. पुढच्याने पहिला घाव बघायचा, अशी रीत आहे.

मामा अधांतरी बुरुजाखाली गेले. वर पाहिलं. पहार तिथे टेकवली, जिथे एक घाव पडला असता तर सगळं खाली आलं असतं आणि ट्रॉल्या भरायला दुपारही लागली नसती. दत्तू मामांना ओरडून म्हणाला, "दादा, बाजूनं! अंगावर येईल!"

मामा बाजूला झाले. चार पावलं, पाच पावलं. जुन्या बुरुजाचा ढिगारा पडला होता, तिथे उभे राहून त्यांनी पहार घातली. एकदाच. मामीने पाटी पुढे केली. मामांनी हातांनीच माती भरली, पाटी उचलली आणि आपल्या डोक्यावर घेतली.

"ट्रॉली ने घरी," ते दत्तूला म्हणाले.

"म्हंजे?"

"आजच्यापुरतं झालं."

दत्तूचं तोंड उघडंच राहिलं. "दादा, पाऊस लागला का उतार बंद होईल. झेंडूला काय घालायचं?"

"शेणखत इकत आण."

शिवाजी हसत पुढे आला. त्याला वाटलं, म्हातारा दमला. "नाना, मग भरलं का?"

"नाय."

"कधी भरल?"

मामा डोक्यावरची पाटी सावरून त्याच्याकडे वळले. "बारी सुरू झाली. पहार माझ्या घरी हाय. माझ्या बापाला घाई केलीत. मला करू नका."

शिवाजीला कळायला वेळ लागला. मलाही लागला. मामीला लागला नाही. ती वाकून कोनाड्यातली जुनी काजळी पदराने पुसत होती.

दसरा

मी दसऱ्याला पुन्हा गेले. अक्षय्यतृतीयेची घागर कोनाड्यात ठेवून झाली होती. पावसाळ्यात बेट दोनदा पाण्याखाली गेलं. बुरूज उभा आहे, पण खालची एक विटांची रांग नदीने नेली. नदीला कुणी 'भरलं का' विचारत नाही. मामा साठीच्या पुढे आहेत, शिवाजी तिशीचाही नाही. हे सगळं मला दिसतं.

यंदाचा झेंडू दर वर्षीपेक्षा बारीक आला. एक पाटी पांढरी एका सरीपुरतीच झाली. त्या सरीतलं फूल मोठं आलं असं मामा म्हणतात, दत्तू म्हणतो काही फरक नाही. मी दोन्हीकडची फुलं तळहातावर घेऊन पाहिली. मला ठरवता आलं नाही. माझं पत्रक मामीकडे राहिलं होतं. तिने त्यात बियाणं बांधून ठेवलं आहे.

दाराआड पहार उभी होती. अवजारांबरोबर तिचीही पूजा झाली होती. तिला कुंकू लावलं होतं आणि त्याच बारीक झेंडूची माळ घातली होती. संध्याकाळी शिवाजी सोनं द्यायला आला. आपट्याची पानं मामांच्या हातात ठेवून तो पाया पडला. उठता उठता त्याची नजर दाराआड गेली.

"नाना, भरलं का?"

"नाय अजून," मामा म्हणाले. "बस. चहा घेऊन जा."